ऑप्टिक नर्व्ह खराब होऊन दृष्टी गेली असेल, तर कोणते उपचार आहेत?

प्रश्न: माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी त्याला उजव्या डोळ्याने मधोमध धूसर दिसायला लागलं आणि दोन महिन्यांत डावा डोळाही तसाच झाला. दुखलं नाही, डोळा लाल झाला नाही. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही, वाचता येत नाही. सुरुवातीला स्टेरॉईडची इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. आता ‘ऑप्टिक ॲट्रॉफी आहे, नस सुकली, उपाय नाही’ असं सांगितलंय. नातेवाईक स्टेम सेल सुचवतायत. नस बदलता येते का? काही उपचार उरलाय का?

उत्तर:

आधी सरळ उत्तर देते. सुकलेली ऑप्टिक नर्व्ह पुन्हा जिवंत करणारं औषध किंवा ती बदलून देणारी शस्त्रक्रिया आज जगात कुठेही उपलब्ध नाही. तरीही ‘उपाय नाही’ या वाक्यावर तुम्ही थांबू नये असं मला मनापासून वाटतं. ऑप्टिक ॲट्रॉफी हे निदान नव्हे. नसेला इजा होऊन गेल्यावर मागे जे दिसतं, त्याचं ते वर्णन आहे. इजा कशाने झाली हे तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणजे बहुधा ते शोधलंच गेलेलं नाही. आणि तुम्ही जे वर्णन केलंय, त्यावरून एका विशिष्ट आजाराची शंका येते. त्याची तपासणी व्हायला हवी आणि ती लवकर व्हायला हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

नस बदलता का येत नाही, ते थोडक्यात सांगते. डोळ्याच्या पडद्यावर गँग्लिऑन नावाच्या पेशी असतात. त्यांचे दहा-बारा लाख बारीक तंतू एकत्र येऊन ही नस बनते आणि मेंदूत जाते. हातापायांच्या नसा तुटल्या तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात. ऑप्टिक नर्व्ह मात्र रचनेने मेंदूचाच भाग आहे आणि माणसात तिचे तंतू तुटल्यावर आपोआप वाढत नाहीत. नेत्रदानातून जे बसवलं जातं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, त्याचा नसेशी संबंध नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका रुग्णावर चेहऱ्यासोबत अख्ख्या डोळ्याचं प्रत्यारोपण झालं. डोळा टिकला, त्यात रक्त खेळू लागलं, पण दिसलं नाही. लाखो तंतू मेंदूतल्या आपापल्या जागी नेऊन जोडणं अजून कुणालाही जमलेलं नाही. पडद्यावर बसवायच्या चिपबद्दल तुम्ही वाचलं असेल. ती चिपसुद्धा संदेश पाठवायला हीच नस वापरते, त्यामुळे नसेच्या आजारात तिचा उपयोग नाही.

मग उपचार कशावर करायचा? एका नसेत सगळे तंतू एकाच अवस्थेत नसतात. काही मेलेले असतात, काही शाबूत असतात आणि काही जिवंत पण आजारी असतात: सूज, दाब, विष किंवा ऊर्जेची कमतरता यांमुळे काम थांबवलेले. उपचार या तिसऱ्या गटासाठी असतो. पडद्याच्या ओसीटी स्कॅनमध्ये (प्रकाशकिरणांनी पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत) तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजता येते. दृष्टी खूप कमी झालीय पण थर अजून बऱ्यापैकी जाड आहे, असं दिसलं की मला आशा वाटते. थर पार पातळ झाला असेल तर मी तसं स्पष्ट सांगते. भावाचे पहिल्या महिन्यापासूनचे ओसीटी आणि फील्ड टेस्टचे, म्हणजे मध्ये आणि कडेला किती दिसतं त्या तपासणीचे, कागद असतील तर ते तारखेप्रमाणे लावून ठेवा. एका रिपोर्टपेक्षा तीन रिपोर्टांमधला फरक जास्त सांगतो.

आता तुमच्या भावाबद्दल. तरुण पुरुष, न दुखता एका डोळ्याची मधली नजर गेली, काही आठवड्यांत दुसऱ्याचीही गेली, कडेची नजर राहिली आणि स्टेरॉईडने काही झालं नाही. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण हे चित्र लेबरच्या आनुवंशिक ऑप्टिक न्यूरोपॅथीचं असू शकतं. थिओडोर लेबर यांनी १८७१ मध्ये हा आजार वर्णिला आणि तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या बदलामुळे होतो हे १९८८ मध्ये कळलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक. मधल्या नजरेचे तंतू सगळ्यांत बारीक असतात आणि ऊर्जेचा तुटवडा त्यांनाच आधी सोसत नाही, म्हणून चेहरा आणि अक्षरं आधी जातात. सुरुवातीला नसेचं टोक सुजल्यासारखं दिसतं, त्यामुळे हा आजार बऱ्याचदा न्यूरायटिस, म्हणजे नसेची सूज, समजून स्टेरॉईडवर घातला जातो. एक बारीक खूण मी नेहमी बघते: नजर एवढी खालावलेली असूनही टॉर्चच्या उजेडाला बाहुली बऱ्यापैकी चांगली आकसते. इतर नसविकारांत असं सहसा दिसत नाही.

घरी एक प्रश्न विचारा. आईच्या बाजूला, म्हणजे मामा, मावशीचा मुलगा, आजीचा भाऊ, यांपैकी कुणाची नजर तरुणपणी अशी गेली होती का? मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे वडिलांकडचा इतिहास इथे कामाचा नाही. मात्र घरात कुणीच नसलं तरी हा आजार नाही असं ठरत नाही, कारण अनेक रुग्ण घराण्यात पहिलेच असतात. तपासणी रक्ताची आहे. ११७७८, १४४८४ आणि ३४६० (हे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या जागांचे क्रमांक) हे तीन बदल मिळून सुमारे नव्वद टक्के रुग्णांत सापडतात. कोणता बदल आहे यावर पुढचं बरंच ठरतं. १४४८४ असणाऱ्यांत काही महिन्यांनी किंवा वर्ष-दोन वर्षांनी नजर आपोआप काही अंशी परत येण्याचं प्रमाण सगळ्यांत चांगलं, ११७७८ मध्ये सगळ्यांत कमी.

या आजारासाठी इडेबेनोन हे औषध आहे. युरोपात २०१५ पासून त्याला मान्यता आहे. डोस ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, जेवणासोबत. त्याने लघवीचा रंग तांबूस होऊ शकतो, घाबरू नका. सगळ्यांना गुण येत नाही. ज्यांना येतो त्यांनाही हळूहळू येतो, म्हणून निदान एक वर्ष घेतल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. सुरुवात मात्र पहिल्या वर्षाच्या आत झालेली बरी. तुमचे आठ महिने उलटले आहेत, म्हणून माझी घाई आहे. गुण येतो तेव्हा रुग्ण सांगतात की धूसर भागाच्या मधोमध एखादी छोटी खिडकी उघडल्यासारखं झालंय आणि तिच्यातून एक-एक अक्षर धरता येतंय. तक्त्यावर ती दोन ओळींची सुधारणा असते, पण रोजच्या जगण्यात तिचं मोल मोठं असतं.

११७७८ साठी जनुकीय उपचारही तपासला गेलाय. त्यात डोळ्यात इंजेक्शन देऊन शाबूत जनुक पोहोचवतात. चाचण्यांमध्ये ज्या डोळ्यात इंजेक्शन दिलं त्याची नजर थोडी सुधारली आणि ज्यात दिलं नव्हतं त्याचीही सुधारली! त्यामुळे परिणाम नेमका किती हे ठरवणं अवघड झालं, आणि कंपनीने युरोपातला मान्यतेचा अर्ज २०२३ मध्ये मागे घेतला. हा उपचार आज बाजारात नाही. कुणी तो विकत देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

अहवाल येईपर्यंत भावाने तंबाखू, सिगारेट आणि दारू पूर्ण बंद करावी. या आजारात ही सवय त्या आजारी तंतूंना आणखी इजा करू शकते, म्हणून मी यावर अडून बसते. निदान पक्कं झालं तर एक ईसीजीही काढून घ्या, कारण काही रुग्णांत हृदयाच्या विद्युतवहनात दोष असतो. पुढे कुठल्याही आजारासाठी औषध घेताना डॉक्टरांना हे निदान सांगा. क्षयरोगावरचं इथॅम्ब्युटॉल, लिनेझोलिड हे प्रतिजैविक यांसारखी औषधं अशा माणसाला शक्यतो देत नाहीत.

लेबर नसेल तर? मेंदूचा आणि डोळ्यांच्या खोबणींचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय झालाय का ते पाहा. नुसता मेंदूचा साधा स्कॅन पुरेसा नाही. नसेवर दाब देणारी गाठ चुकून राहणं ही मला सगळ्यांत टोचणारी गोष्ट आहे, कारण तिथे उपचार असतो. पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची, गाठ काढल्यावर काही जणांची नजर पहिल्या काही दिवसांतच सुधारायला लागते. सोबत ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रतिपिंडांची (शरीराच्या स्वतःच्याच नसेवर हल्ला करणाऱ्या घटकांची) तपासणी, ब-१२ आणि फोलेट, सिफिलिसची रक्ततपासणी, आणि गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी एवढं हातात असू द्या.

हाच प्रश्न वेगवेगळ्या आजारांचे रुग्ण विचारतात, म्हणून बाकीच्या कारणांबद्दलही लिहिते. कारण बदललं की उत्तर पूर्ण बदलतं.

ऑप्टिक न्यूरायटिस म्हणजे नसेची सूज. साधारण वीस ते चाळीस वयात, एका डोळ्यात, डोळा हलवताना दुखतं आणि रंग फिके पडतात. बाटलीचं लाल झाकण एका डोळ्याने लालभडक आणि दुसऱ्याने विटकरी दिसतं. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले, ते आजही आम्ही पाळतो. शिरेतून मोठ्या डोसचं मिथाइलप्रेडनिसोलोन तीन दिवस दिलं तर नजर लवकर येते, पण सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मोजली तर दिलेल्या आणि न दिलेल्यांत फारसा फरक राहत नाही. बहुतेकांची नजर चांगली परत येते. आणि नुसत्या नेहमीच्या डोसच्या गोळ्यांनी, म्हणजे वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम प्रेडनिसोनने, आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा शेजारच्याला दिलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पण न्यूरायटिस एकाच जातीचा नाही. ॲक्वापोरिन-४ प्रतिपिंड असणारा आजार, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, फार निर्दय आहे. एका झटक्यात नजर जाऊ शकते, पुढच्या झटक्यात मज्जारज्जू सापडतो आणि पाय जातात. इथे स्टेरॉईडने लगेच गुण येत नसेल तर प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या काही दिवसांतच करावा लागतो. महिनाभराने केला तर फायदा बराच कमी होतो. नंतर झटके टाळायला रिटुक्सिमॅब, अझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, आणि २०१९ पासून आलेली इक्युलिझुमॅब, इनेबिलिझुमॅब, सॅट्रालिझुमॅब ही औषधं आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दुसऱ्या आजाराची काही औषधं या आजारात उलट घात करतात, म्हणून प्रतिपिंडांची तपासणी झाल्याशिवाय दीर्घकालीन उपचार ठरवू नयेत. मॉग प्रतिपिंडाचा प्रकार त्या मानाने स्टेरॉईडला छान दाद देतो, मात्र डोस भराभर कमी केला की उलटतो.

पन्नाशीनंतर सकाळी उठल्यावर अचानक एका डोळ्याचा वरचा किंवा खालचा अर्धा भाग काळा दिसू लागला, तर बहुधा नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. मधुमेह, रक्तदाब, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे साथीदार असतात. याच्या नेहमीच्या प्रकारावर सिद्ध झालेला उपचार नाही. नसेचं आवरण उघडण्याची शस्त्रक्रिया एके काळी व्हायची. १९९५ च्या चाचणीत ती निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरली, आणि काही न केलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांत सहा महिन्यांत आपोआप सुधारणा दिसली. त्यामुळे लक्ष दुसरा डोळा वाचवण्याकडे. झोपेच्या श्वासाची तपासणी करा, साखर सांभाळा, आणि रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेत असाल तर वेळ बदलावी का हे डॉक्टरांना विचारा.

पण याच वयात नजर जाण्यासोबत नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, घास चावताना जबडा भरून येणं, वजन घटणं यातलं काही असेल, तर तो धमनीदाह, म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज, असू शकतो आणि ती तातडीची बाब आहे. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त काढा आणि त्याच दिवशी मोठ्या डोसचं स्टेरॉईड सुरू करा. कानशिलाच्या धमनीचा तुकडा तपासणीला नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांतही घेता येतो. गेलेला डोळा सहसा येत नाही, पण उपचार नाही मिळाला तर दुसरा डोळा काही दिवसांतच जाऊ शकतो. रिपोर्टची वाट बघत आठवडा घालवू नका, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

औषधांमुळे होणारी इजा वेळीच पकडली तर बरीच परत फिरवता येते. क्षयरोगासाठी इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, दर महिन्याला प्रत्येक डोळा वेगळा झाकून छोटी अक्षरं आणि रंग तपासावेत. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. बहुतेक वेळा ते औषध थांबवून दुसरं दिलं जातं आणि नजर पुढच्या काही महिन्यांत सुधारू शकते. बाकीची औषधं मात्र स्वतःहून बंद करू नका. पोषणाच्या कमतरतेने काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण क्युबाचं: १९९१ ते १९९३ दरम्यान तिथे पन्नास हजारांहून अधिक लोकांना दृष्टी आणि नसांचा विकार झाला आणि ब-जीवनसत्त्वं देऊन साथ आटोक्यात आली. विषारी दारूतलं मिथेनॉल तासांच्या हिशेबात नस मारतं. तिथे लगेच रुग्णालय आणि गरजेप्रमाणे डायलिसिस.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. ड्रॉप्स, लेझर किंवा शस्त्रक्रियेने डोळ्यातलं प्रेशर खाली ठेवून उरलेली सांभाळायची, आणि ती आयुष्यभर सांभाळता येते. मेंदूतला दाब वाढून नस सुजली असेल तर असिटाझोलामाइड आणि वजन कमी करणं, नजर भराभर घसरत असेल तर शस्त्रक्रिया. डोक्याला मार लागून नस दुखावली असेल तर स्टेरॉईडचा फायदा सिद्ध झालेला नाही. डोक्याला गंभीर इजा झालेल्या दहा हजार रुग्णांच्या २००४ मधल्या चाचणीत स्टेरॉईड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले, त्यामुळे डोक्यालाही इजा असेल तर मी ते देत नाही.

आता स्टेम सेल. तुमच्या नातेवाइकांचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. पण ऑप्टिक नर्व्हसाठी कुठलाही स्टेम सेल उपचार आजवर सिद्ध झालेला नाही. नियमांनुसार चाललेल्या संशोधनात रुग्णाकडून उपचाराचे पैसे सहसा घेतले जात नाहीत. पैसे घेऊन इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी ते संशोधन नसतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात आली. पडद्याच्या आजारासाठी त्यांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या, आणि होती ती नजरही गेली. तुमच्या भावाला आज कडेचं दिसतंय. त्या नजरेवर तो घरात फिरतो, रस्ता ओलांडतो. ती पणाला लावू देऊ नका. नसेला ताकद देणाऱ्या म्हणून लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या, विजेची उत्तेजना, डोळ्यांमागे द्यायची इंजेक्शनं यांपैकी कशानेही सुकलेली नस परत आल्याचा भक्कम पुरावा नाही. ब-१२ कमी असेल तर ते जरूर घ्या. कमी नसेल तर जास्त घेऊन नस वाढत नाही.

औषधांच्या तपासासोबतच, त्यांच्या निकालाची वाट न बघता, भावाला लो व्हिजन तज्ज्ञांकडे न्या. मधली नजर गेलेल्याला कडेच्या नजरेने बघायला शिकता येतं. धूसर ठिपका चेहऱ्यावरून बाजूला सरकेल अशी नजरेची दिशा शोधायची आणि ती सवयीची करायची. काही आठवड्यांच्या सरावाने जमतं. फोन-संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं मोठी आणि काळ्यावर पांढरी करणं, पडद्यावरचं बोलून सांगणारं फोनमधलं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, तसंच काम करणारं संगणकावरचं एनव्हीडीए, छापील कागद वाचून दाखवणारी ॲप्स, यांवर लोक पूर्ण वेळ नोकऱ्या करतात. गाडी चालवणं मात्र आजच थांबवायला सांगा.

आणि त्याला एकट्याला गाठून विचारा की नसलेल्या गोष्टी दिसतात का. नक्षी, चेहरे, छोटी माणसं, जनावरं. नजर गेल्यावर मेंदू कधी कधी स्वतःच चित्रं तयार करतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नाही. पण लोक वेडं म्हणतील या भीतीने रुग्ण महिनोन्महिने कुणाला सांगत नाहीत आणि एकटेच घाबरत राहतात. हे होऊ शकतं एवढं नुसतं कळलं तरी बहुतेकांची भीती उतरते.

शेवटी तुमच्याबद्दल. रक्ताच्या तपासणीत लेबर ठरलं, तर तुम्ही आणि तो एकाच आईची मुलं असल्याने तो बदल तुमच्यातही असण्याची दाट शक्यता आहे. बायकांमध्ये हा आजार प्रत्यक्ष प्रकट होण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच कमी आहे आणि बदल असलेल्या बहुतेक बायकांची नजर आयुष्यभर चांगली राहते, पण तुम्ही त्याची बहीण असाल, तर तो बदल तुमच्या मुलांपर्यंत पोहोचतो. त्यांच्यातही प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. भावाकडून त्याच्या मुलांना तो जात नाही. तेव्हा अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे दोघं मिळून जा, आणि मुलं मोठी होत असतील तर तंबाखू-सिगारेटपासून दूर राहण्याचं त्यांच्याशी कारणासकट बोला.